गोडंबी फोडणारे हात

मागच्या महिन्यात सूनबाईंनी दुकानातून गोडंबीच्या लाडवांचा डबा आणला. झाकणावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'आजीच्या हातची चव'. शेजारी नऊवारीतली एक गोबरी आजी, गोऱ्यापान हातांत लाडू धरून हसत होती. मी डबा उचलला आणि उलटा करून ठेवला. सूनबाईंना वाटलं, म्हातारीला साखर बंद आहे म्हणून चिडली. साखर मला अजून चालते. मला ते हात बघवेनात.

त्याच आठवड्यात या अंकाच्या संपादकांचा निरोप आला. तुम्ही खानदेशात इतकी वर्षं नर्स होता, तर जुन्या घरगुती औषधांच्या चार गोड आठवणी लिहून द्या म्हणाले. गोड लिहिणारे पुष्कळ आहेत. हल्ली तर ज्याला त्याला आपली जुनी औषधं आठवतात, आणि ज्यांनी ती कधी कुटली-फोडली नाहीत त्यांना जरा जास्तच आठवतात. माझ्याकडे जे आहे ते मी लिहिते. आवडलं नाही तर छापू नका, मी काही रुसणार नाही.

मी जळगावच्या मेहरूणची. आमच्याकडचं झाड म्हणजे बोर. तोडावं, खावं, बी थुंकावी, संपलं. धुळ्याला नर्सिंग शिकले आणि स्वातंत्र्य मिळाल्यावर थोड्याच दिवसांत शिंदखेड्याकडच्या एका गावात छोट्या दवाखान्यात माझी नेमणूक झाली. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत. उरलेले दिवस दवाखाना म्हणजे मी, आयोडीनची बाटली आणि दाराचं कुलूप. तिथे माझी बिब्ब्याशी गाठ पडली.

ज्यांना बिब्बा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सातपुड्याच्या उतारावर, कोरड्या रानात वाढणारं, मोठ्या खरबरीत पानांचं हे झाड. थंडीत फळ पिकतं. फळाचे दोन भाग असतात. देठाकडचा भाग गरदार, पिकला की नारिंगी होतो. तो भाजून किंवा वाळवून खातात, त्याला बिब्ब्याची फुलं म्हणतात. त्याच्या टोकाला चपटं, काळं, गुळगुळीत फळ लटकतं, तो बिब्बा. बिब्ब्याच्या सालीत काळं जहाल तेल, आणि ती साल फोडली की आत पांढरी, बदामासारखी बी. तीच गोडंबी. लाडवात घाला, भातात घाला, नुसती खा, गोडच लागते. एका बोटाच्या पेराएवढ्या फळात देवाने आग आणि मेवा शेजारी शेजारी ठेवला आहे.

त्या तेलाचे उपयोगही लोक खूप करत. टाच भेगाळली की बिब्ब्यात सुई खुपसून दिव्यावर धरायचा आणि उकळता थेंब भेगेत सोडायचा. जुनाट खोकल्याला, संधिवाताला जाणता वैद्य दुधात थेंब पाडून द्यायचा. परीट कपड्यावर खूण करायचा ती बिब्ब्यानेच. कपडा फाटेल पण खूण जाणार नाही. दृष्ट लागू नये म्हणून दारावर टांगायचा. बाळंतिणीला तर गोडंबीच्या लाडवांवाचून सव्वा महिना काढणं म्हणजे घराण्याला कमीपणा. या सगळ्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणत नाही. भेगा भरलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. घरी करून मात्र बघू नका. ते तेल ज्याच्या अंगाला मानवत नाही त्याला उततं. उततं म्हणजे कातडी काळवंडते, सुजते, पाण्याने भरलेले फोड येतात आणि अशी आग होते की माणूस भिंतीला अंग घासतो.

बिब्ब्याचा एक गुण मला एका लबाड माणसाने शिकवला. बांधावरून भाऊबंदांशी भांडण झालेला एक शेतकरी दवाखान्यात आला. पाठीवर काळेनिळे वळ, काठीने मारल्यासारखे. त्याला कोर्टासाठी दाखला हवा होता. "काठ्यासघाई मारं माले, बाई. डॉक्टरले सांग, कागद लिखी दे," म्हणाला. बोलताना सारखा पाठ खाजवत होता. मार ठणकतो, खाजत नाही. मी त्याला हात पुढे करायला लावले. नखांशी फोड. मग सोबत आलेल्या त्याच्या बायकोचे हात बघितले. उजव्या हाताची बोटं वांग्यासारखी सुजलेली! नवऱ्याच्या पाठीवर बिब्ब्याने वळ कोणी रंगवले ते मला सांगावं लागलं नाही.

"कोणी मारलं तुला?" मी विचारलं.

"मारं नही," तो म्हणाला, "पन मारनार व्हतात ना त्या!"

त्याला खोबरं आणि तीळ वाटून लावायला सांगितलं आणि हाकलला. आठ दिवस गाव हसत होतं. पण माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली, की बिब्बा जिथे जसा लागतो तिथे तसाच उमटतो. काठीने लावला तर काठी, बोटाने लावला तर बोट.

गावात नानाशेठ नावाचे व्यापारी होते. किराणा, कापूस आणि रानातला माल असा त्यांचा पसारा. गोदामामागे पत्र्याची शेड होती. तिथे दहा-बारा बाया चैत्राच्या उन्हात गोडंबी फोडत बसायच्या. तोंडाला पदर बांधलेला, बोटांना तेल आणि राख फासलेली, पुढ्यात दगड. बिब्बा दगडावर उभा धरायचा आणि दुसऱ्या दगडाचा एकच बेताचा घाव घालायचा. जोरात बसला तर गोडंबीचा चुरा, हळू बसला तर नुसतं तेल उडतं. तेल डोळ्यात गेलं तर डोळा. त्या बायांमध्ये एक समज होता आणि तो त्या अभिमानाने सांगायच्या. ज्या हाताला बिब्बा एकदा मानवला, त्या घरात तो कोणालाच उतत नाही, घरचाच होतो. या समजाने काय केलं तेच मला सांगायचं आहे.

येसू त्यांच्यातली सगळ्यात हुशार हाताची. तिची गोडंबी अखंड निघायची. नवरा धुळ्याला कापसाच्या जिनात कामाला, घरी ती आणि सासू. सासूला सगळं गाव अक्का म्हणायचं. अक्काने सारा जन्म गोडंबीच फोडली होती, आता नजर अधू झाली म्हणून घरी होती. तिच्या बोटांची कातडी बैलाच्या मानेवर जू घासून होते तशी झाली होती, आणि नखं कायमची काळी. येसूला मुलगी झाली ती माझ्या हातावर. लख्ख, रडकी, भुकेली पोर. अक्का इतकी खूश की मला गुळाचा खडा भरवला. तिच्या घरात फार वर्षांनी मूल जगायच्या बेताने आलं होतं. तिची स्वतःची येसूच्या नवऱ्याआधीची तीन गेली होती. कोनाड्यात शेंदूर लावलेले तीन छोटे गोटे होते, ती रोज त्यांना हात जोडायची. "मायबाई लयी गयी मना तीन्ही लेकरंस्ले," एवढंच म्हणायची. मायबाई म्हणजे देवी, अंगावर येणाऱ्या देवी. त्या काळी देवीने घरं रिकामी व्हायची, म्हणून मी पुढे काही विचारलं नव्हतं.

आता ऐका. नानाशेठांची मुलगी माहेरी बाळंत झाली. लाडवांना गोडंबी हवी, तीही अखंड, पांढरी. तुकडा घातलेला लाडू विहिणीकडे पाठवला तर नाचक्की. शेठांच्या बायको, काकी, स्वतः येसूच्या दारात आल्या आणि गोड बोलून तिला शेडमध्ये घेऊन गेल्या. येसूचा सव्वा महिना सरला नव्हता. म्हणजे बघा, एका बाळंतिणीने सव्वा महिना खाटेवरून उतरू नये म्हणून दुसऱ्या बाळंतिणीने सव्वा महिना मोडायचा. याला आपल्याकडे परंपरा म्हणतात.

थोड्याच दिवसांत शेजारीण दवाखान्यात धावत आली. येसूच्या पोरीला देवी आल्या म्हणाली. मी गेले. दाराला कडुलिंबाचे डहाळे. आत अंधार. देवी आल्या की घरात फोडणी द्यायची नाही, केस विंचरायचे नाहीत, तेल-साबण नाही, बाळाला पाणी नाही, आईनेही अंग धुवायचं नाही. अक्का दारातच आडवी झाली.

"मायबाई उनी शे घरमा. पानी नही, साबन नही, तेल नही. तिले डिवचू नको, बाई. तू घर जाय."

"मला नुसतं बघू दे, अक्का."

दिवा जवळ घेऊन बघितलं. गाल सुजून डोळे मिटलेले, ओठ फुगलेले, पोर चोखू शकत नव्हती. येसूच्या छातीवरही फोड. येसू भिंतीशी बसून रडत होती.

"मी जोडे लेस ते आखोच रडस, बाई," ती म्हणाली. जवळ घेतलं की पोर आणखीच रडायची. "मायना हातच नको तिले."

ताप आधी आला होता का, विचारलं. नव्हता. मी देवीचे रोगी पाहिले होते. आधी सणसणून ताप, मग पुरळ, आणि तळहात-तळपाय सुटत नाहीत. या पोरीचे तळवे स्वच्छ होते. मी दुपटं बाजूला केलं. मांडीवर काळपट लाल पट्टे होते. चार एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला.

मला तो लबाड शेतकरी आठवला.

"येसू, पोरीला कशी उचलतेस? दाखव." तिने हात पुढे केला. मी तो हात मांडीवर न टेकवता वरच धरला. चार बोटं चार पट्ट्यांवर, अंगठा अंगठ्यावर. मापाने कापून आणावं तसं बरोबर बसलं. येसूने किंकाळी फोडली आणि हात पदरात लपवला.

"अक्का, देवी कधी बोटं उमटवते का?" मी ओरडले. होय, ओरडले. बाळंतिणीच्या खोलीत ओरडू नये हे मला शिकवलं होतं. "हा बिब्बा आहे. शेडमधून येऊन ही पोरीला घेते, पाजते, आणि तुम्ही तिला हात धुवू देत नाही! देवीच्या नावाखाली दर तासाला तिला नव्याने भाजताय!"

अक्का माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडली. "आमना हातले बिब्बा मानवेल शे! आमना घरमा तो उतस नही! मन्ही जिंदगी गयी बिब्बा फोडामा, तू माले शिकाडस?"

शेजारणी दारात जमल्या. देवीचा अपमान करते म्हणून एकीने मला शिव्या दिल्या. मीही गप्प बसले नाही. तेवढ्यात पोर रडायची थांबली. दमून थांबली, बरं वाटून नव्हे. तो फरक घरातल्या सगळ्याच बायांना कळत होता.

अक्का खाली बसली. तिने येसूचा हात पदरातून ओढून काढला आणि पुन्हा त्या मांडीच्या वर, न टेकवता धरला. बराच वेळ बघत राहिली. मग स्वतःचा हात त्याच्या शेजारी धरला. उठली, दाराचे डहाळे काढून बाहेर टाकले आणि पाण्याचा हंडा आणून माझ्यापुढे ठेवला.

बिब्ब्याचं तेल नुसत्या पाण्याला दाद देत नाही. आधी खोबरेलाने पुसून काढायचं, मग साबण. येसूचे हात, छाती, लुगडं, दुपटी, सगळं केलं. पोरीला हळूहळू धुतलं, फोडांवर खोबरेल लावलं. एका शेजारणीचं मूल अंगावर पीत होतं, तिने दूध काढून दिलं, आम्ही ते बोंडल्याने थेंब थेंब पाजलं. पहिले काही थेंब बाहेर आले. मग एक घोट गेला. घशातून उतरलेल्या त्या घोटाचा आवाज मला अजून ऐकू येतो.

अक्का येसूची बोटं घासत होती. मान वर न करता तिने विचारलं, "मंग मना तीन्ही लेकरं बी असाच गयात का वं, बाई?"

ती चैत्रात गेली होती का, हे मी तिला विचारलं नाही. तिचं तोंड बघूनच कळत होतं. गोडंबीच्या दिवसांत गेली होती. ताप नव्हता, मांड्यांवर पट्टे होते, आणि तिने देवी समजून हात न धुता त्यांना शेवटपर्यंत कुशीत धरलं होतं. माझ्या जिभेवर खरं उत्तर आलं होतं. मी तोंडाची फटकळ, आयुष्यात कोणाला खरं सांगायला कचरले नाही, त्यापायी दोनदा बदली झाली.

"नाही, अक्का," मी म्हणाले. "त्या देवीच होत्या."

अक्काने माझ्याकडे बघितलं.

"खोटं बोलनी तू," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "आखो एकदाव बोल."

मी पुन्हा एकदा बोलले.

पोर जगली. ती दगावेल अशी भीती गेली त्या दुपारी मी तडक नानाशेठांकडे गेले. काकींनी कौतुकाने ताटलीत लाडू पुढे केला. वर एक अखंड गोडंबी बसवलेली. "येसूच्या हातची हो, एकही तुकडा नाही," म्हणाल्या. मी लाडवाला हात लावला नाही. शेडमध्ये पाण्याचा रांजण ठेवा, खोबरेल ठेवा, साबण ठेवा, आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला बिब्ब्यापाशी बसवू नका, एवढंच मी मागितलं. अर्थात मागितलं त्या सुरात नव्हे. नानाशेठ शांतपणे पान लावत होते.

"नर्सबाई, देवी आली, देवी गेली. मी देवळात नारळ पाठवलाय. आता बिब्बा-बिब्बा करून बाया घाबरवू नका. साबणाने हात धुतले की देवीचा मान जातो, असं त्याच म्हणतात. आपण का मध्ये पडायचं?"

मला तेव्हा कळलं, की शेठांना देवी का हवी होती. देवीला साबण लागत नाही. देवी आली तर दोष कोणाचाच नसतो, ना शेडचा, ना मालकाचा. मी वर कळवलं. वरून उत्तर आलं, की देवीची साथ नसल्यास हा विषय आमच्याकडे येत नाही. देवी असती तर देवी डॉक्टर आले असते, गावभर टोचलं असतं. बिब्ब्याला डॉक्टर नव्हता. रोज भांडून मी एक रांजण मिळवला. खोबरेल आणि साबण मी तिथे होते तोवर मिळाले नाहीत, ते बाया आपल्या घरून आणू लागल्या.

येसू परत शेडमध्ये गेली नाही. अक्काने तिला जाऊच दिलं नाही. पण जिनातल्या पगारात घर कुठे भागत होतं? दुसऱ्या आठवड्यात मी बघते तर येसूच्या जागेवर, त्याच दगडापुढे, अक्का. तोंडाला पदर, डोळे बारीक करून एकेक बिब्बा उभा करत होती. मी रागावले. तिने दगड उचलला.

पुढे माझी जळगावला बदली झाली. तोवर पोर चालायला लागली होती. निरोप घ्यायला गेले ती संध्याकाळची वेळ होती. मी आणि येसू ओट्यावर होतो, अक्का शेडमधून घरी येत होती. पोरीने तिला लांबून पाहिलं आणि ओट्यावरून उतरून, पडत-धडपडत, "आजी, आजी" करत धावली. अक्का जागच्या जागी थांबली. तिने दोन्ही हात वर केले, डोक्याच्याही वर, आणि तशीच उभी राहिली. पोरीने तिच्या गुडघ्यांना मिठी मारली, लुगड्यात तोंड खुपसलं, वर बघून हात पसरले.

"थांब वं माय," अक्का वरूनच म्हणत होती. "पहिले लुगडं बदलसू, हात धवसू, मंग लेसू तुले."

येसू म्हणाली, रोज असंच असतं. पोरीला वाटतं हा खेळच आहे, आजी आली की हात वर. मला मात्र तिथे उभं राहवेना. तिच्या तीन लेकरांबद्दलचं माझं खोटं अक्काने मानलं असतं, तर ते हात डोक्याच्याही वर गेले नसते.